टरफलावर काढलेली थंडी

माझ्या नवऱ्याला बसता येत नाही. पाठीचं किंवा गुडघ्याचं काही दुखणं नाही, डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. स्वभावच तसा. जेवतानासुद्धा हे अर्धे उठलेलेच असतात. चौतीस वर्षांच्या संसारात आमच्या पलंगाने दोन खोल्यांचे सगळे कोपरे तीनतीनदा पाहून घेतलेत. हाताला काम नसलं की हे कात्री घेतात आणि पायपुसण्याचे सुटलेले दोरे उभ्याउभ्या सारखे करतात. तीन पायपुसणी अशीच संपली. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं मी म्हणते. यांच्या कामावर यांना वस्तराच म्हणतात, तेव्हा न्हाव्याची म्हण यांना शोभते.

वस्तरा हे नाव गवतामुळे पडलं. आमच्या वस्तीला पाणी देणारी मोठी टाकी जमिनीत पुरलेली आहे. वर मातीचा थर, मातीवर गवत. लांबून पाहणाऱ्याला टेकडीच वाटते. तिथे झाड लावायचं नाही, मुळं छतात शिरतात. गवत मात्र हवं, माती धरून ठेवायला, आणि ते आखूड हवं. टाकीला कुठे चीर गेली आणि पाणी झिरपलं, तर आखूड गवतात ओला डाग लगेच दिसतो. एकतीस वर्षं हे गवत यांनी कापलं. यंत्राचं पातं असं खाली उतरवायचं की मागे हिरव्या दाढीचे खुंट तेवढे उरावेत. कडा हातकात्रीने. मग दाताळ्याने ओढून काडी न् काडी उचलायची. मी हॉस्पिटलच्या शिवणखोलीत फाटक्या चादरी शिवते. दिवसभर बसून माझे पाय जड होतात आणि दिवसभर चालून यांचे हलकेच राहतात. तीस वर्षं आम्ही एकमेकांना संध्याकाळीच काय ते भेटलो, आणि तेव्हाही हे कुठेतरी निघालेले.

चार उन्हाळ्यांपूर्वी कुंपणापलीकडच्या गल्लीतल्या बाई यांच्या यंत्रापुढे येऊन उभ्या राहिल्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, गळ्यात दोरीने भिंग अडकवलेल्या. आम्ही त्यांना भिंगवाल्या बाई म्हणतो. त्यांचं म्हणणं एवढंच, की उन्हाच्या बाजूचा एक उतार उन्हाळाभर कापू नका. तिथे या वर्षी कुठूनतरी काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची फुलपाखरं आली आहेत, जवळपास दुसरीकडे कुठेच उरलेली नाहीत. हे घरी येऊन मला सांगत होते, "यंत्रासमोर उभ्या राहिल्या. पातं फिरत होतं. वेडी बाई आहे."

पण बाईंनी मुकादमाला गाठलं. मुकादम म्हणाला, मधून मधून चालण्यापुरत्या पट्ट्या कापा म्हणजे ओल दिसेल, बाकीचं राहू दे, मला काय. त्या वर्षी यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदा गवतात फुलं आली. जांभळी, बोंडांसारखी. आणि त्यांच्यावर ती फुलपाखरं. आमच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली चौकड्यांची फडकी असतात ना, तशी हुबेहूब. हे त्यांना चौकडेवाल्या म्हणायला लागले. आल्या आज चौकडेवाल्या, सतरा होत्या. आज वाऱ्यामुळे बसून राहिल्या. घरात इतकी वर्षं पातं, तेल आणि मुकादम याखेरीज विषय नव्हता. मला जरा गंमत वाटली, जरा रागही आला. मी कोणत्या दिवशी कोणता झगा घालते हे यांना कधी दिसलं नव्हतं.

बाई यांना एकेक गोष्ट सांगायच्या. नर आधी बाहेर येतात, माद्या आठवड्याभराने. मादी अंडं पानाला चिकटवत नाही, उडता उडता किंवा काडीवर बसल्या बसल्या गवतात सोडून देते, जिथे पडेल तिथे. "आणि मग अळी बाहेर आली की," असं बाई पुढे सांगू लागल्या, तोवर हे यंत्राची दोरी ओढायला निघाले होते. हे मला यांनीच हसत हसत सांगितलं. "पुढचंही सांगत होत्या, पण त्यांचं संपेचना. मला काम होतं."

ते पुढचं ऐकायचं राहिलं ते राहिलंच. पहिली दोन वर्षं त्याने काही बिघडलं नाही, कारण उन्हाळा सरला की हे तो उतार पातं वर ठेवून भरभर कापत आणि सोडून देत. उंचसखल, पिवळा, ठिकठिकाणी वाळक्या गवताचे झुबके. यांना ते बघवायचं नाही. पण बाकीचे तीन उतार संपवेपर्यंत पाऊस सुरू व्हायचा.

तिसऱ्या वर्षी माझी जीभ वळवळली. यांच्या निवृत्तीला आठ-नऊ महिने उरले होते आणि थंडीच्या तोंडावर मोठे साहेब टाकी बघायला येणार होते. मी म्हटलं, "एकतीस वर्षं घासून नाव कमावलंत, आणि शेवटी साहेबांना ते जंगल दाखवणार? फुलपाखरं तर केव्हाच मेली. आता कोणासाठी ठेवलंय?"

"मेली हे खरं," हे म्हणाले.

"मग काढा की. लोक म्हणतील, वस्तऱ्याची धार गेली."

एवढं पुरलं. पुढचे चार दिवस हे अंधार पडेपर्यंत घरी आले नाहीत. सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन गेले. तो उतार मी आयुष्यात विसरणार नाही. असा गुळगुळीत, की वर शिवणाचं कापड पसरून आखून घ्यावं. पातं जमिनीला टेकवून कापलेलं, झुबके खरवडून काढलेले, दाताळं तीनदा फिरवलेलं. वाळकं गवत पोत्यांत भरून रोपवाटिकेत गेलेलं. तिथली माळीणबाई थंडीत रोपांच्या बुडाशी ते अंथरते. मी म्हटलं, "आता कसं माणसाने कापल्यासारखं वाटतं." हे इतके खूश झाले की डबा खाताना चक्क पाच मिनिटं एका जागी उभे राहिले.

तीन दिवसांनी बाई आल्या. मी त्या वेळी तिथेच होते, यांचा राहिलेला स्वेटर द्यायला आले होते. बाईंनी उताराकडे पाहिलं आणि टाकीच्या पायरीवर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बराच वेळ भिंगाची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. मग त्यांनी ते राहिलेलं पुढचं सांगितलं, आणि या खेपेला हे शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले.

फुलपाखरं मेली, ती मरायचीच होती. पण त्यांची अंडी गवतात पडली. तीन आठवड्यांत अळ्या बाहेर आल्या. एकेक अळी तांदळाच्या कणीहूनही लहान. बाहेर आली की ती आपल्याच अंड्याचं टरफल खाते. बस्स, तेवढंच. गवताचं पान तोंडातही धरत नाही. वाळक्या झुबक्याच्या बुडाशी शिरते आणि झोपते, ती थंडी संपेपर्यंत. पाच-सहा महिने एका टरफलावर काढते. गवताला नवी पालवी आली की उठते, खाते, मोठी होते, गवताच्या मुळाशी उघड्यावरच कोश करते, आणि पुन्हा उन्हाळ्यात बाहेर. "हा उतार रिकामा नव्हता," बाई म्हणाल्या. "पुढच्या उन्हाळ्याच्या सगळ्या इथे झोपल्या होत्या. तुम्ही त्यांना पोत्यात भरून पाठवलंत."

मग त्यांनी विचारलं, "हे करायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी तिथे, हातात स्वेटर. यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "कोण सांगणार? माझंच डोकं."

तोंड उघडायला एक क्षण पुरला असता, तो मी जाऊ दिला. त्या क्षणाने मग सबंध थंडी माझा पिच्छा पुरवला.

हे त्याच पावली रोपवाटिकेत गेले. मी मागे धावले. माळीणबाईने अर्धं गवत रोपांखाली घातलं होतं, काही खड्ड्यात लोटून त्यावर पाणी मारलं होतं. अकरा पोती उरली होती. ती म्हणाली, "वस्तरा, तू गवत परत न्यायला आलास? शुद्धीवर आहेस ना?" हे पोतं उचलत म्हणाले, "आत्ताच आलोय." हातगाडीवर चार खेपा झाल्या. मग ते गवत उतारावर हाताने पसरायचं. फेकायचं नाही, आपटायचं नाही. हे मूठ मूठ घेऊन खुंटांमध्ये बसवत होते आणि मी दुसऱ्या टोकाकडून. एकही अळी दिसली नाही. बाई म्हणाल्या, इतक्या बारीक नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत, आणि तुम्ही दाबून बघू नका.

साहेब आले. टाकीचे तीन उतार आरशासारखे आणि चौथ्यावर कचरा. मुकादम लाजेने काळानिळा झाला. साहेब गेल्यावर तो यांना म्हणाला, "तुझे शेवटचे दिवस म्हणून बोलत नाही. पण ऐकून ठेव. उन्हाळ्यात ती फुलपाखरं आली तर तो उतार राहील. तू निवृत्त होशील त्या दिवसापर्यंत एकही दिसलं नाही, तर नव्या माणसाला सांगून चारही उतार एकसारखे करणार. फुलपाखरं नसलेलं फुलपाखरांचं गवत मी कशाला सांभाळू?"

यात चूक काही नव्हती, म्हणून तर जास्त लागलं.

थंडी सुरू झाली. त्या थंडीत आमच्या घरात एकाच्याही जिवाला चैन नव्हती. पूर्वी यांच्या हालचालीला निदान काम असायचं. आता नुसती येरझार. दाराशी जायचं, परत यायचं. वारा सुटला की खिडकी उघडायची, "गवत उडत असेल," म्हणायचं, खिडकी लावायची. पाऊस लागला की, "भिजत असतील." ऊन पडलं की, "अवेळी जाग्या होतील." मी म्हणायचे, निसर्ग आहे, त्याचं तो बघेल. त्यावर हे म्हणायचे, "बघत होताच की. मी मध्ये गेलो." पायपुसण्याला यांनी त्या सहा महिन्यांत हात लावला नाही. दोरे लोंबायला लागले, पायात यायला लागले. एकदा न राहवून मीच कात्री घेतली, तर म्हणाले, "असू दे. त्यात काय असेल काय माहीत."

हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण मला हसू येत नव्हतं. शिवणखोलीत मी दोन चादरी एकमेकींना शिवून टाकल्या. आमच्या मुख्य बाई म्हणाल्या, लक्ष कुठे आहे? मी काय सांगणार? रोज ठरवायचे, आज संध्याकाळी बाईंकडे जाऊन सांगायचं, दोष माझा आहे. रोज त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पाय घुटमळायचे आणि मी ब्रेड घेऊन घरी यायचे. इतका ब्रेड आम्ही कधी खाल्ला नव्हता.

एकदा यांना विचारलं, "मुकादमाने उतार भादरला तर तुमचं काय जाणार आहे? तुम्ही तर घरी असाल."

हे खिडकीशी उभे होते. म्हणाले, "एकतीस वर्षं मी कापलं. एवढं एक न कापून वाढवलं होतं."

पालवी फुटली. बाई आणि हे भिंग घेऊन गवतात गुडघ्यांवर रांगत अळ्या शोधत. हिरव्या गवतात हिरवी अळी, कुठे सापडणार. बाई म्हणायच्या, नाही दिसली याचा अर्थ नाही असं नाही. हे मला येऊन तेच सांगायचे, पण प्रश्नासारखं.

मग उन्हाळा. जांभळी बोंडं फुलली. नर यायचा आठवडा आला आणि गेला. दुसरी फुलपाखरं आली, तपकिरी, पिवळी. यांचा दरवेळी हात उठायचा आणि खाली यायचा. माद्यांचा आठवडा सुरू झाला. त्यात तीन दिवस ढग, आणि ढगांत ती उडत नाहीत. यांचे वीस दिवस उरले, बारा उरले, चार उरले. एका संध्याकाळी हे घरी आले आणि जेवणाआधी जाऊन पलंगावर आडवे झाले. तेव्हा मात्र मी घाबरले.

शेवटच्या दिवशी मी रजा घेतली. दुपारी कामावरच्या लोकांनी यांना निरोपाची भेट दिली, घडीची खुर्ची. मुकादम म्हणाला, "वस्तरा, आता तरी बस." सगळे हसले, हेही हसले. मग खुर्ची बगलेत मारून हे थेट उतारावर आले. बाई तिथे होत्याच. यांनी खुर्ची उघडून चालायच्या पट्टीवर ठेवली आणि मला म्हणाले, "तूच बस. मला काय उपयोग." मी बसले. हे वरून खाली, खालून वर. मुकादम पाच वाजता यंत्राच्या खोलीची किल्ली घ्यायला येणार होता. ऊन चांगलं होतं. बाई घड्याळाकडे बघायचं टाळत होत्या, म्हणून मीही बघितलं नाही.

चार वाजून गेले असतील. माझ्या उजव्या हाताशी गवताची काडी वाकली. मी सहज पाहिलं. आमच्या स्वयंपाकघराचं फडकं. काळं-पांढरं, खालच्या अंगाला जरा पिवळसर.

मी बोटाने बाईंना खूण केली. बाई आल्या, वाकल्या. "मादी आहे," त्या अगदी हळू म्हणाल्या. हे वरच्या टोकाला होते. धावत आले असते तर सगळं उधळलं असतं. पण यांनी काय ओळखलं कोण जाणे, एकेक पाऊल टाकत खाली आले, पाय न वाजवता. यांना असं चालता येतं हे मला माहीत नव्हतं.

"एकटीच आहे," हे म्हणाले. "एकटीचा काय उपयोग?"

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं. मादी काडीवरून उठली, माझ्या गुडघ्यांवरून आडवी गेली, पुन्हा वळली, आणि माझ्या झग्यावर मांडीच्या चुणीत काहीतरी पडलं. मोहरीएवढं, पांढरं, गोल. मी श्वास धरला. बाईंनी त्यावर भिंग धरलं.

"अंडं आहे," बाई म्हणाल्या. "नर भेटल्याशिवाय मादी अंडी सोडत नाही सहसा. आपल्याला दिसला नाही, पण नर होता. निदान एक तरी होता."

मुकादम किल्लीसाठी आला होता आणि पायरीशी उभा राहून हे सगळं बघत होता. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि सोबतच्या नव्या माणसाला म्हणाला, "हा उतार सोडून. उन्हाळाभर आणि थंडीभर. कापायचंच झालं तर पातं वर, आणि दाताळं लावायचं नाही. लक्षात राहील?" मग किल्ली न घेताच तो दोन पावलं मागे सरकला.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला हात हलवायची सोय नव्हती. मला वाटलं, आता नाही बोलले तर कधीच नाही.

"बाई," मी म्हटलं, "ते गवत मी काढायला लावलं. यांचं डोकं नव्हतं. मी म्हटलं होतं, लोक नावं ठेवतील. आणि त्या दिवशी मी इथेच उभी होते, तरी बोलले नाही."

बाईंनी भिंग खाली घेतलं. "अकरा पोत्यांतलं निम्मं तुम्हीच अंथरलंत ना," एवढंच म्हणाल्या.

मग मी यांच्याकडे वळून विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

हे माझ्या खुर्चीशेजारी गवतात खाली बसले होते. मांडी घालून, पुरते टेकून बसले होते. केव्हा बसले ते मला कळलंच नाही. नजर माझ्या झग्याच्या चुणीवर, जिथे ते पांढरं पडलं होतं.

"घेतलं असतं तर तू आज इथे आली असतीस का?" हे म्हणाले. आणि माझं मनगट हलकेच धरून ठेवत म्हणाले, "आता हलू नकोस. ती परत येतेय."